खेचराचा बिल्ला

बाबा, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळं तुम्ही असतानाही हे पत्र तुमच्या हाती देऊन उपयोग झाला नसता. फौजेनं तुम्हाला इंग्रजी अक्षरं शिकवली, त्या अक्षरांत हिंदुस्थानी लिहायला शिकवलं, आणि घरी परतल्यावर तुम्ही मराठीलाही त्याच अक्षरांत बसवलंत. बुलढाण्याच्या कोर्टात तुम्ही पट्टेवाले होता. सकाळी कारकून पक्षकारांची नावं वाचून दाखवायचा, तुम्ही ती तुमच्या अक्षरांत वहीत उतरवून घ्यायचात आणि मग व्हरांड्यात ताठ उभे राहून पुकारा करायचात. 'हाजिर हो' म्हणालात की आवारातल्या निंबावरचे कावळे उडायचे. शाळेतून घरी येताना मी मुद्दाम कोर्टावरून यायचे. मैत्रिणी विचारायच्या, "तो तुहा बाप ना व?" आणि मी मान वर करून हो म्हणायचे. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की मला तुमची लाज वाटत होती. एकदाच वाटली. त्या एकदाची ही हकीकत आहे, आणि ती निस्तरायला मला किती वर्षं लागली त्याची.

तुमचा छंद बिल्ले जमवण्याचा. रुपयाएवढी पितळेची चकती, क्वचित तांब्याची, एखादी चांदीचं पाणी दिलेली. लढाई संपून माणसं आपापल्या गावी निघाली तेव्हा एकेका तुकडीनं आपली खूण म्हणून त्या करून घेतल्या होत्या. कोणाच्या चकतीवर तोफ होती, कोणाच्या चाक, कोणाच्या बिगुल. तुमच्या चकतीवर खेचर होतं. तुम्ही ब्रह्मदेशात खेचरांच्या तुकडीत होता, नाईक होऊन परतलात. तुमच्या तुकडीतल्या मिस्त्रीनं रिकाम्या काडतुसांचं पितळ वितळवून सगळ्यांसाठी त्या चकत्या ओतल्या. मिस्त्रीचा हात चित्राचा नव्हता. खेचराचे कान सशासारखे झाले, पाठीवरचं ओझ्याचं पालाण उपड्या पातेल्यासारखं दिसायचं, आणि शेपटी एवढी लांबली की थेट काठाला जाऊन टेकली.

फौजेतून आलेले तुम्ही आठ-दहा जण बाजाराच्या दिवशी बस स्टँडसमोरच्या हॉटेलात जमायचात. तिथले नियम दोन. कोणीही, केव्हाही, आपला बिल्ला टेबलावर आपटून 'हाजिर' म्हणायचं. मग प्रत्येकानं स्वतःच्या तुकडीचा बिल्ला तिथल्या तिथं खिशातून काढून दाखवायचा. ज्याच्याजवळ नसेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. 'हाजिर' हा शब्द अर्थात तुम्ही कोर्टातून आणलेला. दुसरा नियम अदलाबदलीचा. जास्तीचे जमवलेले बिल्ले विकायचे नाहीत, हातात हात देऊन तळव्यातून तळव्यात द्यायचे, आणि बिल्ल्याबरोबर त्याची गोष्ट द्यायची. घेणाऱ्यानं ती तिथंच परत म्हणून दाखवायची. चुकली तर बिल्ला परत. एकदा तुम्ही कोर्टातल्या आवाजात 'हाजिर' म्हणालात, आणि कोपऱ्यात भजी खात बसलेला खेड्यावरचा एक पक्षकार हात जोडून उभाच राहिला. "आलो, आलो मायबाप, एवढे भजे संपवू द्या." ही गोष्ट जानेफळचे चाचा पुढं कित्येक वर्षं सांगत होते. चाचा फौजेत बिगुल वाजवायचे आणि आता गावात शिंपीकाम करायचे. तुम्हाला चिडवण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडं घेतली होती. "काय नाईक, आपली सवारी आणली का? खिशातून कान दिसून राह्यले." तुम्ही हसायचा नाहीत. बशीत चहा ओतत म्हणायचात, "घोडं पयते. खेचर पोचते."

बिल्ले वाढले तशा गोष्टी लक्षात राहीनात, म्हणून तुम्ही मला लेखनिक केलंत. तेव्हा महाराष्ट्र नवा नवाच झाला होता आणि मी सहावीत होते. रविवारी सकाळी आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही पोतं अंथरून बिल्ले मांडता आहात, आणि मी पाटावर वही ठेवून लिहिते आहे. आई म्हणते, "एवढ्या चकत्या हायेत तं एखादी फोडणीले टाकून पाहू का?" तुम्ही म्हणता, "लिह व, तिच्याकडं ध्यान देऊ नको." एकदा मी तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर तुमचे चार बिल्लेही चिंच लावून घासायला घेतले होते. तुम्ही माझ्या हातातून ते काढून घेतलेत. "मळ नाई तो. लोकायचे हात हायेत ते." दुसऱ्यांदा रागावलात ते तोफेच्या गोष्टीवरून. मी तिच्यात आपल्या मनानं दोन वाक्यं घातली होती, धडाडधूम वगैरे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण मी वाचून दाखवताच तुम्ही बोट उचललंत. "हे त्यानं सांगतलं नाई. खोड." मी खोडलं. पुढं पस्तीस वर्षं गणित शिकवलं, उत्तरपत्रिकेतल्या सजावटीला एकही गुण दिला नाही, तो धडा तिथला.

वहीत पहिली गोष्ट खेचराची. जंगलात शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून त्या खेचरांचा आवाज गळ्यावर शस्त्रक्रिया करून काढून टाकलेला असायचा. तुमच्या खेचराला ओरडता येत नव्हतं. एका उतरणीवर धुकं इतकं दाटलं की स्वतःचा हात दिसेना. तुम्ही खेचराला पुढं सोडलं आणि त्याची शेपटी धरली. मागच्यानं तुमचा पट्टा धरला, त्याच्या मागच्यानं त्याचा. अशी सगळी रांग खाली उतरली. पायथ्याशी धुकं विरलं तेव्हा दिसलं की रांगेत साहेबही आहे आणि त्यानं स्वयंपाक करणाऱ्या बबर्चीचा पट्टा धरलेला आहे. भाकरी उलटता उलटता आईनं विचारलं, "साहेबानं? बबर्चीचा?" तुम्ही म्हणालात, "काऊन नाई धरन? खड्डा साहेबाले वळखते का?" म्हणून मिस्त्रीनं शेपटी लांब ठेवली होती. लोक तिला त्याची चूक समजायचे.

मॅट्रिकला मला चांगले गुण पडले आणि मला गणित घेऊन अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. भाऊकीतल्यांनी तुम्हाला विचारलं, "पोरीले शिकवून कोर्टात पुकारा कराले लावता का?" तुम्ही म्हणालात, "बाहीर मी करतो. तिले आत बसवीन." मी वकील झाले नाही, पण ते उत्तर मी आजही लोकांना ऐकवते. निघायच्या दिवशी बस स्टँडवर मी तुमच्या पाया पडले. आपल्याकडं अशा वेळी बाप लेकीच्या डोक्यावर हात ठेवतो. तुम्ही हात पुढं केलात, फौजेतला माणूस फौजेतल्या माणसापुढं करतो तसा. मी गोंधळून हात दिला आणि तळव्याला गार पितळ लागलं. तुमचा स्वतःचा बिल्ला. जास्तीचा नाही, अदलाबदलीचा नाही, तुमचा. "गोष्ट म्हण," तुम्ही म्हणालात. बसच्या पायरीवर उभी राहून मी ती सुरू केली. कंडक्टर वैतागला. "ओ बाई, आत बसून सांगा ना, गाडी निंगाली." तुम्ही त्याच्यावर डाफरलात. "थांब बे. अजून साहेब यायचा हाये." साहेब आला, बबर्चीचा पट्टा धरला, मग गाडी सुटली.

आता ते लिहिते. होस्टेलवर माझ्या खोलीत बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याची मुलगी होती, पुण्याची. मनानं वाईट नव्हती. पण मी 'मले' म्हटलं की तिला हसू यायचं, आणि तिला आलं की सगळ्या खोलीला यायचं. एका दुपारी तिनं माझ्या पेटीतला बिल्ला उचलून उजेडात धरला. "अगं, हे गाढव कोणाचं?" चार जणी हसल्या. मी सतरा वर्षांची होते. "घोडा आहे तो," मी म्हणाले. "माझे वडील घोडदळात होते." ती म्हणाली, "मग शेपटी अशी का?" मी म्हणाले, "भरधाव आहे म्हणून." तिचा चेहराच बदलला. तिचा भाऊ विमानदलात होता, त्याच्याकडून तिला निळ्या मिन्याचा एक सुंदर बिल्ला मिळाला होता, वर रुपेरी पंख. तिनं अदलाबदल करू या म्हटलं. मी नाही म्हणायला हवं होतं, पण नाही म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायचं तर तुमचं नाव आणि तुमचं खेचर दोन्ही सांगावं लागलं असतं. मी नियम सगळा पाळला, बाबा. हातात हात दिला. गोष्ट दिली. तिच्याकडून ती परत म्हणून घेतली. घोड्याची.

दिवाळीच्या सुटीत तुम्ही मला हॉटेलात घेऊन गेलात. त्या टेबलाशी तोवर कोणाची बायको बसली नव्हती की मुलगी. तुम्ही स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढलीत. चाचा म्हणाले, "आओ कॉलेजवाली! आता हिशेबानं बोला लागन, भाऊ, हे आपल्याले पेपरात नापास करन." मग त्यांनीच बिगुलाचा बिल्ला आपटला. "हाजिर!" सगळ्यांनी आपापले काढले. तुम्ही खिशाला हात लावला नाहीत. शांतपणे माझ्याकडं पाहिलंत. पाहतच राहिलात. मी म्हणाले, "होस्टेलवर राहिला." माझ्या पिशवीत तो निळा बिल्ला होता आणि त्या टेबलावर त्याचा उपयोग शून्य होता. तुम्ही हॉटेलवाल्याला हात करून सगळ्यांना चहा सांगितलात. वाटेत घराजवळ आल्यावर एवढंच म्हणालात, "वही ठेवून ये. छत्री ठेवून ये. बिल्ला ठेवून यायची चीज नाई." पुढच्या सुटीत तुम्ही विचारलं नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी स्वतःहून काही सांगितलं नाही. तुम्ही ओळखलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही.

मला मेहकरला मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि वर्षाच्या आत तुम्ही गेलात. तुमच्या दिवसकार्याला चाचा जानेफळहून आले. आईशी दोन शब्द बोलून ते माझ्याजवळ येऊन बसले. मला वाटत होतं की त्या दिवाळीचा चहा हा त्या एका दिवसाचा चहा. चाचा म्हणाले, "बेटी, तू कॉलेजात गेली तवापासून तुझा बाप दर बाजारले चाय पाजून राह्यला होता. आम्ही म्हणो, नाईक, दुसरा बिल्ला आण अन् चालव, कोण पाहते? तर नाई म्हणे, माहा एकच. आम्ही विचारो, मंग कुठं हाय तो? तर तो छाती काढून म्हणे, ड्युटीवर हाये. अमरावतीले." चाचांना ते सांगताना हसू येत होतं आणि त्यांचे डोळे भरले होते. मी उठून आत गेले आणि भांडी घासायला बसले. तो बिल्ला परत आणायचा हे मी त्या दिवशी ठरवलं. बिल्ला, आणि बिल्ल्यावरचं खेचर.

होस्टेलच्या मैत्रिणीला पत्र लिहिलं. तिनं तो केव्हाच भावाला दिला होता. भावानं अकोल्यातल्या एकाशी बदलला होता, त्यानं खामगावातल्या, त्यानं मलकापुरातल्या. मी सुट्ट्यांमध्ये बस धरून एकेकाकडं गेले. रिकाम्या हातानं कोणी बोलेना, म्हणून आधी बदलायला बिल्ले जमवावे लागले. जुने फौजी शोधायचे, त्यांच्या ओसरीवर बसायचं, गोष्ट ऐकायची, म्हणून दाखवायची. "बाईमाणसाले हे कायले पाह्यजे?" हे मी इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं दारातच सांगायचे, "नाईकाची मुलगी आहे. बसू का?" असं शोधता शोधता मीच जमवणारी झाले. आणि जिथं जिथं गेले तिथं माझा घोडा माझ्या आधी पोचलेला. अकोल्यात तो पांढरा झाला होता. खामगावात त्याला नाव मिळालं होतं. मलकापुरात त्याच्या पाठीवरच्या स्वाराला तलवार आली होती, आणि ते गृहस्थ मला ती कुठं आहे हे त्यांनी कागदावर उमटवून ठेवलेल्या ठशात बोटानं दाखवत होते. ते दाखवत होते तो कान होता. बिल्ला मात्र पुढं गेला होता, संग्रामपूरला, एका धान्याच्या व्यापाऱ्याकडं.

संग्रामपूरचे शेटजी गादीवर बसले होते, भोवती तीन मित्र. त्यांनी मखमलीच्या तुकड्यातून तो काढला. बाबा, मी तो बारा वर्षांनी पाहिला. कोणी तरी चिंच लावून लखलखीत केला होता. शेटजींनी गोष्ट सांगितली: घोडदळातला बहाद्दर, पांढरा घोडा, एका उडीत नाला पार, "अन् उडीत शेपटी पाहा, डायरेक काठाले लागली." जिल्ह्यात असा दुसरा नाही म्हणाले, तेवढं खरं होतं. त्यांना माझा निळ्या मिन्याचा बिल्ला हवा होता. मी हो म्हणाले. त्यांनी मुठीत बिल्ला घेऊन हात पुढं केला, मीही केला. "म्हना गोष्ट, बाई."

ती म्हटली असती की बिल्ला माझा. चार वाक्यं होती, मला ती कोणापेक्षाही चांगली पाठ होती. पण म्हटली की तुमच्या हातचं पितळ कायमचं घोड्याचं झालं असतं, आणि तेही माझ्या तोंडून, दुसऱ्यांदा. मी हात मागं घेतला. "हे खेचर आहे," मी म्हणाले.

मित्र हसायला लागले. शेटजींचा चेहरा उतरला. "मास्तरीणबाई, भाव पाडाले म्हनता का हे? पाच वर्सं मी याले घोडा म्हनून राह्यलो." एक मित्र म्हणाला, "अन् आम्ही तुमाले घोडेवाले शेट म्हनून राह्यलो. आता काय म्हनाचं?" शेटजींनी त्याला गप्प केलं आणि बिल्ला मखमलीत गुंडाळायला घेतला. "नाई जमत, बाई. तुमी जा." मी निळा बिल्ला त्यांच्या गादीवर ठेवला, त्याच्या शेजारी माझ्या संग्रहातला चांदीच्या पाण्याचा दुसरा ठेवला, आणि म्हणाले, "भाव पाडत नाही, चढवते. हे दोन्ही तुमचे. त्या एकाच्या बदल्यात. फक्त गोष्ट माझी. आधी ऐका, मग ठरवा." आणि मी उभी राहिले. वर्गात बोलते ती मराठी बाजूला ठेवली. तुम्ही चुलीजवळ सांगितली होती तशी सांगितली, तुमच्या शब्दांत, 'मले' आणि 'तुले'सकट. कान दाखवले. खोगीर नाही, पालाण आहे, हे दाखवलं. त्या बिनआवाजाच्या जनावराचं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. साहेबानं बबर्चीचा पट्टा धरला तेव्हा सगळे पुढं सरकले. "खड्डा साहेबाले वळखते का?" म्हटल्यावर शेटजींनी मांडीवर थाप मारली. "आता हे खरं वाटते," ते म्हणाले. "घोड्याच्या गोष्टीत एक बी मानूस चालत नव्हता." मग त्यांनी ती शब्द न चुकता म्हणून दाखवली, आणि बिल्ला माझ्या तळव्यात दिला.

तेव्हापासून तो माझ्याजवळ असतो. शाळेत, संस्थेच्या सभेत, मुख्याध्यापिका झाले त्या दिवशी, सगळीकडं होता. जिल्ह्यातल्या जमवणाऱ्यांत मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध आहे. गोष्टीत पदराचं घातलेलं मला लगेच कळतं आणि मी ते चारचौघांत खोडायला लावते. तुमची गोष्ट आता संग्रामपुरापासून जानेफळापर्यंत लोक सांगतात, खेचरासकट आणि साहेबासकट, आणि कोणी तुमच्याबद्दल विचारलं की मी सांगते, खेचरांच्या तुकडीतले नाईक, मग कोर्टात पट्टेवाले. याच क्रमानं, याच आवाजात. या पत्राला पत्ता नाही आणि ते कोणी वाचणार नाही. म्हणून उरलेलं एवढं लिहिते.

संग्रामपूरला त्या दिवशी बिल्ला मिळाल्यावर चहा आला, आणि शेटजींनी बशी हातात धरून विचारलं, "पन बाई, मले एक सांगा. हे घोड्याचं पयल्यांदा काढलं कोनं?" चौघेही माझ्याकडं पाहत होते. उत्तर मला येत होतं. मी म्हणाले, "असेल कोणी तरी अर्धवट. लोकांना सवय असते." ते सगळे हसले. मीही हसले, बाबा.